आपत्तीत कुठलं काम थांबता कामा नये? विभाग कार्यालयाची यादी अशी करा

पावसाळा तोंडावर आला की वरून पत्र येतं, ‘अत्यावश्यक सेवांची यादी सादर करावी’. मग मागच्या वर्षीचीच फाइल उघडते. पाणीपुरवठा, आरोग्य, अग्निशमन, घनकचरा आणि शेवटी ‘इतर’. सही, शिक्का, जावक क्रमांक, झालं काम! नवी मुंबई महापालिकेच्या विभाग कार्यालयांत माझी अख्खी नोकरी झाली, अशा याद्या ढिगाने पाहिल्या. ऐन रात्री त्यांचा काडीचा उपयोग होत नाही, कारण त्यात खात्यांची नावं असतात, कामं नसतात.

तेव्हा आधी कामं लिहा. पाणीपुरवठा म्हणजे जलकुंभ भरणं, सेक्टरला पाणी सोडणं, क्लोरीन तपासणं, टँकर पाठवणं. ही माहिती साहेबांच्या केबिनमध्ये मिळत नाही. मुकादम, वॉलमन (म्हणजे वॉल्व उघडून-बंद करून पाणी सोडणारा), कंट्रोल रूममधला रात्रपाळीवाला यांच्याकडे जा, चहा सांगा आणि विचारा, ‘उद्या तू आलाच नाहीस तर काय अडेल?’

मग प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे बंद पडलं तर पहिला फटका कधी बसेल? दोन तासांत, बारा तासांत, एका दिवसात, आठवड्यात की महिन्याभराने? अमेरिकेतल्या केंद्र सरकारी कार्यालयांना अत्यावश्यक काम बारा तासांच्या आत सुरू करून तीस दिवसांपर्यंत रेटता यावं, असा दंडक आहे. आपल्यालाही मोजपट्टी म्हणून तो चालेल. गंमत अशी की एकाच विषयातली कामं वेगवेगळ्या रकान्यांत जातात. स्मशानभूमीत लाकूड आणि माणूस काही तासांत हवा. मृत्यूची नोंद करायला १९६९च्या कायद्याने २१ दिवस दिलेत, म्हणजे दाखल्याची खिडकी आठवडाभर बंद राहिली तरी चालेल. मालमत्ता कर, विवाह नोंदणी, बांधकाम परवानगी सरळ खाली ढकला. त्या खात्यांचे लोक रागावतील, रागावू द्या.

आता खरं डोकं लावायची जागा: कुठलं काम कशावर टेकलंय. मोरबे धरण आपल्या महापालिकेचं स्वतःचं, त्यामुळे पाण्याची चिंता नाही असं सगळेच म्हणतात. पण १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा वाहिन्यांमध्ये बिघाड होऊन मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, तो दिवस आठवा. धरण भरलेलं असलं तरी वीज नसेल तर सेक्टरमधला पंप उंच टाकीत पाणी चढवणार कसा? जनरेटर आहे. त्याला डिझेल लागतं, आणि पेट्रोल पंपावरचं यंत्रही विजेवरच चालतं. हे सगळं जमलं तरी वॉलमन उरतोच. कुठला वॉल्व किती फेरे उघडायचा, कुठला निम्म्यावरच अडकतो, हे फक्त त्याच्या डोक्यात असतं. म्हणून माझ्या यादीत वॉलमन कार्यकारी अभियंत्याच्या वर असतो. त्याला सोबत घेऊन वॉल्वच्या जागा आणि फेरे कागदावर उतरवा, चावी कुठे टांगलेली असते तेही लिहा.

क्रम वर्षभर सारखा राहत नाही. वाशी, बेलापूरचा बराच भाग सखल. भरतीला खाडीकडची झडपं बंद होतात, पावसाचं पाणी धारण तलावात साठतं आणि ओहोटीला बाहेर पडतं. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर झडपा आणि पंप सांभाळणं दोन तासांच्या रकान्यात जातं. डिसेंबरमध्ये तेच काम कितीतरी खाली असतं. त्यामुळे भरतीचं वेळापत्रक यादीलाच जोडा.

प्रत्येक कामापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहा आणि नावापुढे तो माणूस राहतो कुठे तेही लिहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, लोकल ठप्प झाल्या. बदलापूर-कल्याणहून येणारा माणूस कागदावर कितीही जवळचा वाटला तरी अशा दिवशी पोहोचत नाही. घणसोली किंवा दिघ्यात राहणारा शिपाईसुद्धा त्या वेळी मोलाचा. शेवटची चाळणी म्हणून बैठकीत विचारा, ‘वीसपैकी सहाच जण आले तर?’ त्या सहांना पेलतील तेवढीच कामं पहिल्या पानावर राहतील.

अधिकाराचा घोळही आधीच मिटवा. आणीबाणीत तातडीने पावलं उचलायचे अधिकार महापालिका अधिनियमाने आयुक्तांना दिलेत. पण रात्री दोनला टँकर भाड्याने घ्यायला होकार कोण देणार? त्या जागी एक नाव, तो नसेल तर दुसरं, तोही नसेल तर तिसरं, असं लेखी आदेशानेच ठरवून घ्या. तोंडी आश्वासनावर नंतर लेखापरीक्षणात कोणी उभं राहत नाही.

पहिलं पान छापून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा, कारण त्या दिवशी संगणक चालेलच असं नाही. बदल्यांचे आदेश निघाले की त्याच दिवशी नावांचा रकाना बदला आणि प्रत्येक नंबर फिरवून बघा, कोण उचलतं ते.