सायकलवर एकट्याने कोकण: हलका तंबू निवडताना या चुका टाळा

रेवस ते रेडी सायकल काढायची ठरली की तंबूच्या बाबतीत सगळ्यात आधी वजनाचा आकडा बघितला जातो. त्यात नवल नाही. किनाऱ्याचा रस्ता नकाशावर सपाट दिसत असला, तरी दर खाडीपाशी खाली उतरायचं, फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचं, हे दिवसभर चालतं. कॅरिअरवरचा अर्धा किलोसुद्धा मांड्यांना जाणवतो. तरीही माझं म्हणणं आहे की कोकणासाठी आधी हवा बघा, मग जमीन, आणि त्यानंतर वजन. इंटरनेटवरची बहुतेक परीक्षणं थंडी, बर्फ आणि वादळ समोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत छळतात ते दमटपणा, खारी हवा आणि कातळ.

एकाच पडद्याचा तंबू घेणं

आतबाहेर एकच कापड असलेला तंबू किलोभर किंवा त्याहूनही कमी भरतो, म्हणून मोह होतो. पण उघड्या आभाळाखाली रात्री बाहेरचं कापड हवेपेक्षाही गार पडतं. आत आपल्या श्वासातली वाफ, बाहेर समुद्राची ओल. पहाटेपर्यंत छताला आतून थेंब लटकतात, कूस बदलली की अंगावर येतात, आणि सकाळी तक्रार असते, "तंबू गळतो." खरंच गळतो का, हे ओळखणं सोपं आहे. ओल फक्त शिवणीच्या रेषेवर असेल तर गळती. छतभर सारखे बारीक थेंब असतील तर ते दव, आणि त्यावर शिवणी बुजवायचं सीलंट कितीही फासलं तरी फरक पडणार नाही.

म्हणून दोन थरांचा तंबू घ्या: आतला भाग जवळजवळ पूर्ण बारीक जाळीचा, बाहेरचा फ्लाय, म्हणजे पाऊस अडवणारं कापड, जमिनीपासून वीतभर वर, आणि शक्य असेल तर समोरासमोर दोन दारं. दीड ते दोन किलोंत असा तंबू मिळतो. जाळी बारीकच हवी, खाडीकाठचे डास आणि वाळूतल्या चिलटांनी रात्र घालवायची नसेल तर. १५०० ते २००० मिलिमीटरचं वॉटरप्रूफिंग (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं त्याचं माप) अवेळी सरीला पुरतं. पावसाळी मोहिमेचा जाड तंबू हिवाळ्यात ओढत नेऊ नका. भर पावसाळ्यात तर मी तंबूऐवजी कोणाच्या तरी ओटीवर झोपायला सांगेन.

आणखी एक गोष्ट. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. देखावा हवा म्हणून आपण दार समुद्राकडे करतो, मागची बाजू बंद ठेवतो आणि आत घामाघूम होतो. डोंगराकडचं दारही उघडं ठेवा, हवा आरपार खेळते.

खुंट्यांवर विसंबून राहणारा तंबू

काही तंबू खुंट्या ठोकल्याशिवाय उभेच राहत नाहीत. आता जागा आठवून बघा. सड्यावर जांभा, खुंटी वाकते. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खुंटी बोटानेही उपटून येते. आणि सगळ्यात चांगली जागा, म्हणजे एखाद्या घरासमोरचं शेणाने सारवलेलं खळं, तिथे खुंटी ठोकायचा विचारही करायचा नाही. "काकू, रात्रीपुरता इथे तंबू लावू का? काही ठोकायचं नाही, उजाडताच निघेन," एवढं सांगता आलं तर बहुतेक जण हो म्हणतात, वर पाणीही आणून देतात. त्यासाठी पोलवर स्वतः उभा राहणारा तंबूच हवा. कातळावर दोऱ्या दगडांना बांधा. वाळूत पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी आडवी पुरा.

ट्रेकिंगच्या काठीवर उभा राहणारा तंबू सायकलवाल्याने घेऊ नये. काठी वेगळी वाहावी लागते आणि वाचवलेलं वजन तिथेच जातं. पोलचे तुकडेही मोजून घ्या. साधारण ४५ सेंटिमीटरचे तुकडे वळलेल्या हँडलच्या मध्ये अडकतात, ३० सेंटिमीटरच्या आसपासचे सहज बसतात.

तंबू चांगला, जागा चुकीची

पौर्णिमेच्या चांदण्यात पुळणीवर झोपावंसं वाटतं, आणि नेमकी तेव्हाच उधाणाची भरती असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा ते साडेबारा. दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे गाढ झोपेत पाणी सगळ्यात वर येतं. वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची शेवटची रेषा शोधा आणि तिच्याही बरंच वर जा. नक्की वेळ कोळीवाड्यात विचारा.

वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. तिथे पुळणीवर तंबू आणि दिवे नकोतच, गावात राहा. माडाखाली तंबू लावू नका, कारण सांगायला नको. आंब्याखाली लावण्याआधी फांद्यांवर पानं विणून केलेली ओंबिलांची, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्यांची, घरटी आहेत का बघा. सुरूच्या बनात मात्र दव कमी पडतं.

मीठ आणि वाळू

सकाळी तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, इलाज नाही. पण तो तसाच दोन-तीन दिवस राहिला तर कुबट वास येतो, आणि वारंवार असं होत राहिलं तर आतला लेप चिकट होतो, तो परत सुधारत नाही. दुपारी चहाला थांबाल तेव्हा तंबू कुंपणावर पसरा, अर्ध्या तासात वाळतो.

तंबूच्या दाराची चेन (झिप) सरकते पण दात जुळत नाहीत, तर बहुधा सरकपट्टी, म्हणजे चेनवर सरकणारा तुकडा, रुंदावलेली असते. आधी जुन्या ब्रशने वाळू झाडा, मग पकडीने दोन्ही बाजू हलक्या हाताने, थोड्या थोड्या दाबा. चेन जड चालत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्याला वाळू चिकटते. पोलचे सांधे अडकले तर ते मीठ असतं, गोड्या पाण्याने धुवा. शिवण गळत असेल तर कापड बघून सीलंट घ्या: सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनचंच टिकतं, दुसरं सोलून निघतं. घरी आल्यावर पोल, चेन, कापड सगळं गोड्या पाण्यात बुचकळून काढा आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच सैलसर पिशवीत भरा.