हवेत इंजिन बंद होत नाही? थ्रॉटल कट लावताना या चुका टाळा

स्कूटरची किल्ली फिरवली की ठिणगी तुटते आणि इंजिन थांबतं. मॉडेल विमानाच्या ग्लो इंजिनात तोडायला ठिणगीच नसते. सुरू करताना प्लगला लावलेली बॅटरी काढली तरी मिथेनॉल आणि ज्वलनाची उष्णता प्लगची प्लॅटिनमची तार लाल ठेवतात. म्हणून ते थांबवायचं तर हवा आणि इंधनच अडवावं लागतं. उडत्या विमानात हे काम कार्ब्युरेटरचं बॅरल (हवेची वाट उघडणारा-मिटणारा फिरता नळा) फिरवणारा एकटा सर्व्हो, म्हणजे हातातल्या ट्रान्समीटरवरून चालणारी छोटी मोटर, करतो. ट्रान्समीटरच्या स्विचने बॅरल पूर्ण मिटवणं म्हणजे थ्रॉटल कट.

माझ्या ट्रेनरमध्ये (शिकाऊ विमानात) सर्व्हो आणि बॅरल जोडणाऱ्या पुशरॉडची क्लेव्हिस (टोकाची चिमट्यासारखी कडी) एकदा हवेत निसटली. मी स्विच दाबत होतो, विमानात सर्व्हो फिरतही असणार, पण बॅरल पूर्ण उघडंच राहिलं. मैदानाच्या कडेला मुलं उभी होती आणि टाकी रिकामी होईपर्यंत मला विमान त्यांच्यापासून लांब घिरट्या घालत ठेवावं लागलं. तेव्हापासून इंधन नळीचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा क्लेव्हिसवर चढवल्याशिवाय मी उड्डाण करत नाही. तुम्हीही करू नका.

आयडल म्हणजे बंद नव्हे

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ट्रिम (स्टिकजवळची, थ्रॉटल थोडंसं सरकवणारी कळ) खाली ओढून इंजिन बंद करणं. त्यात वेळ जातो, आणि पुढच्या उड्डाणाला ट्रिम पूर्वीच्या जागी आणायची राहून जाते. थ्रॉटल कटला वेगळा स्विच द्या. तोही असा निवडा, की घाईत बोट चुकून त्यावर जाणार नाही.

स्टिक खाली आणि ट्रिम मध्यावर असताना, म्हणजे आयडलवर (इंजिन सर्वांत मंद चालताना), बॅरलची फट साधारण एक मिलिमीटर असावी. कट दिल्यावर फट उरताच कामा नये. इथे आयडलचा स्टॉप स्क्रू आड येतो. बॅरल त्याला टेकतं, सर्व्हो ढकलत राहतो, गुणगुणतो, तापतो आणि रिसीव्हरची (विमानातल्या सिग्नल घेणाऱ्या यंत्राची) बॅटरी खातो. स्क्रू मागे घ्या, मग बॅरल मिटेल पण सर्व्हो गुणगुणणार नाही इतपत एंडपॉइंट (सर्व्हो फिरण्याची शेवटची मर्यादा) ठेवा. स्क्रू पूर्ण काढू मात्र नका, काही कार्ब्युरेटरमध्ये बॅरल त्याच्याच आधाराने जागेवर राहतं.

बॅरल मिटूनही इंजिन चालत राहिलं तर हवा दुसरीकडून आत येते आहे. कार्ब्युरेटरच्या बुडाची ओ-रिंग आणि मागच्या झाकणाचं गॅस्केट आधी बघा. जमिनीवर इंजिन जेमतेम बंद पडत असेल तर त्यावर विसंबू नका. खाली झेपावणाऱ्या विमानाचा पंखा वाऱ्याने फिरत राहतो आणि थोडीशी फटसुद्धा इंजिन जिवंत ठेवू शकते.

काहीजण वेगळा सर्व्हो लावून इंधनाची नळीच चिमटतात. ते चालतं, पण नळीत उरलेलं इंधन जळेपर्यंत काही सेकंद जातात आणि बंद पडण्याआधी इंजिन एकदा जोरात ओरडतं. पेट्रोल इंजिन असेल तर हे सगळं सोपं आहे: रिसीव्हरवरून चालणारा, ठिणगी तोडणारा इग्निशन कट लावा.

फेलसेफ तपासलंय का?

फेलसेफ म्हणजे सिग्नल तुटल्यावर सर्व्होने आपोआप घ्यायची ठरलेली जागा. सिग्नल तुटला तर थ्रॉटल शेवटच्या जागी अडकून राहणं सर्वांत धोक्याचं. निदान आयडलवर तरी यायलाच हवं. बऱ्याच रिसीव्हरमध्ये बाइंड करताना (ट्रान्समीटरशी जोडी जुळवताना) स्टिक जिथे असेल ती जागा साठवली जाते, म्हणून स्टिक खाली ठेवूनच बाइंड करा. नंतर थ्रॉटलच्या सर्व्होची दिशा उलटी केलीत तर पुन्हा बाइंड करा, नाहीतर तीच साठवलेली जागा पूर्ण थ्रॉटल ठरते! तपासायला मदतनीसाला पंख्याच्या मागे उभं राहून विमान घट्ट धरायला सांगा, इंजिन मध्यम वेगावर ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करा.

हवेतला पहिला कट घ्यायचा तो भरपूर उंचीवर, विमान मैदानाच्या आवाक्यात असताना. इंजिन हवेत पुन्हा सुरू होणार नाही. पंखा थांबला की नाक लगेच थोडं खाली घ्या. विमान पोचत नाही असं वाटलं तरी एलेव्हेटर ओढून (नाक वर उचलून) ते लांबवू नका, वेग तुटून विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल जाऊन कोसळेल. त्यापेक्षा अलीकडच्या गवतात उतरवा.