महागडा क्लिन्झिंग कंडिशनर वापरून पाहताय? या चुका टाळा

क्लिन्झिंग कंडिशनरला फेस येत नाही, तो शाम्पूच्या जागी वापरायचा असतो आणि त्याची किंमत साध्या कंडिशनरच्या कितीतरी पट असते. एवढे पैसे घालावेत का, याचा निकाल बहुतेक जण पहिल्याच धुण्यानंतर लावून मोकळे होतात. केस मऊ लागले तर बाटली अप्रतिम, चिकट वाटले तर भिकार. दोन्ही निकाल घाईचे असतात, कारण पहिल्या धुण्यात तिची खरी परीक्षा झालेलीच नसते. माझं मत आधीच सांगते: बऱ्याच डोक्यांना या बाटलीची गरज नसते, काहींना ती खरोखर मानवते, आणि आपलं डोकं कोणत्या गटातलं हे घरच्या घरी, थोडी शिस्त पाळली तर कळतं.

केसांवरून निकाल देणं

सगळ्यात मोठी चूक ही. डोकं धुताना दोन वेगळी कामं होत असतात. टाळूवरचं तेल, घाम आणि मृत पेशी काढणं हे एक. केसांची लांबी घासण्यापासून आणि कोरडेपणापासून सांभाळणं हे दुसरं. दुसरं काम कुठलाही बरा कंडिशनर करतो. ओल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. झिजलेल्या, ब्लीच केलेल्या केसावर तो आणखी जास्त. कंडिशनरमधले बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सेट्रिमोनियम क्लोराइड यांसारखे घटक धन भाराचे. ते नेमके तिथे जाऊन चिकटतात आणि सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोलसोबत केसावर एक पातळ थर धरतात. मग केस एकमेकांवरून सहज सरकतात, गुंता सुटतो, हाताला मऊ लागतं. महाग बाटलीत बहुधा हेच घटक असतात आणि स्वस्त बाटलीतही हेच. त्यामुळे हाताला लागणाऱ्या मऊपणावरून वाढीव किमतीचं समर्थन होत नाही.

वाढीव पैसे तुम्ही पहिल्या कामासाठी मोजत असता. शाम्पूतले फेस करणारे घटक तेलाला वेढून पाण्याबरोबर वाहून नेतात. क्लिन्झिंग कंडिशनरमध्ये ही ताकद बरीच कमी असते. थोडं तेल तो पाण्यात मिसळवतो, बाकीचं काम बोटांनी चोळण्याचं आणि भरपूर पाण्याचं. काही बाटल्यांत कोकामिडोप्रोपिल बिटेन किंवा डेसिल ग्लुकोसाइडसारखा सौम्य साफ करणारा घटकही घातलेला असतो. लेबलवर तो वरच्या ओळींत दिसला, तर निदान स्वच्छतेच्या कामासाठी काहीतरी वेगळं दिलंय असं म्हणता येतं. तसं काही नसेल, तर हातात जे आहे ते बहुतांशी कंडिशनरच.

म्हणून प्रश्न टाळूला विचारा, आणि तोही धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. भांगावर कोरडा टिश्यू दाबून पाहा, तेलाचा डाग किती उमटतो ते. बोटं मुळांशी फिरवून वास घ्या. नखाने हलकेच खरवडल्यावर मऊ, पांढुरका, मेणासारखा थर येतो का बघा. खाज सुटते का? केस कितीही चमकत असले तरी टाळू या चाचणीत नापास होत असेल, तर बाटलीने तिचं मुख्य काम केलेलं नाही.

कशाशीच तुलना न करणं

नवीन बाटली आणली की लोक आधीच्या कुठल्यातरी आठवणीशी तुलना करतात. मधल्या काळात हवा बदललेली असते, केस कापलेले असतात, सिरम नवं आलेलं असतं. यातून काहीच कळत नाही. दोन बाजू एकाच डोक्यावर, एकाच दिवशी असल्या तरच तुलना खरी.

आधी एकदा चांगल्या शाम्पूने केस नीट धुऊन घ्या, म्हणजे जुन्या सिलिकॉनचा आणि जेलचा थर निघेल. मग मधोमध भांग पाडा. एका बाजूला महागडी बाटली, दुसऱ्या बाजूला साधा, सिलिकॉन नसलेला कंडिशनर, तितकाच घेऊन, तितकाच वेळ चोळून. पाणी तेच, टॉवेल तोच, वाळवण्याची पद्धत तीच. त्या काळात दुसरं काही लावायचं नाही. बाजू अदलाबदल करायच्या नाहीत, नाहीतर साचलेल्या थराचा हिशेब लागत नाही. तीन-चार आठवडे हे चालू ठेवा. चिकटपणा आणि केसांचा जडपणा हळूहळू साचत जातो, तो पहिल्या आठवड्यात दिसत नाही.

निकाल मात्र स्वतः लावू नका. पैसे आपण मोजलेले असतात आणि मनाला ते सार्थकी लागलेले हवे असतात. घरातल्या कुणाला तरी, कोणत्या बाजूला काय लावलंय हे न सांगता, दोन्ही बाजू दाखवा. हात लावू द्या, मुळांजवळ बघू द्या. त्यांना फरक सांगता येत नसेल, तर तुमचं उत्तर मिळालं: साधा कंडिशनर घ्या.

एक तिसरा मार्ग लोक विसरतात, आणि माझ्या मते अनेकांसाठी तोच सगळ्यात बरा ठरतो. मुळांना सौम्य शाम्पू, तोही पाण्यात पातळ करून, आणि लांबीला फक्त कंडिशनर. टाळू स्वच्छ राहते, टोकं कोरडी पडत नाहीत. क्लिन्झिंग कंडिशनर याच्यापेक्षा चांगला ठरला, तरच त्याच्यावर जास्त पैसे घालण्यात अर्थ आहे.

शाम्पूसारखा वापरणं

पाव मूठ शाम्पूने डोकं फेसाने भरतं, म्हणून क्लिन्झिंग कंडिशनरही तेवढाच घेतला जातो. फेस नसल्यामुळे तो पसरत नाही, निम्मी टाळू कोरडीच राहते आणि मग “मुळं चिकट राहिली” अशी तक्रार येते. केस आधी पाण्याने पूर्ण भिजवा, अगदी टाळूपर्यंत पाणी पोहोचेल असे. मग भाग पाडून मुळांशी लावा, बोटांच्या पेरांनी तीन-चार मिनिटं चोळा, मध्ये पाण्याचा एखादा शिंतोडा द्या. धुताना शाम्पूच्या दुप्पट वेळ द्या. कानामागे आणि मानेच्या वर तो सगळ्यात जास्त राहून जातो, चिकटपणाही तिथूनच सुरू होतो.

एवढं सगळं नीट केलं की खर्चाचा खरा आकडा समोर येतो. समजा, २५० मिलीच्या शाम्पूतून एका वेळी १० मिली लागतो, तर बाटली २५ वेळा पुरते. ५०० मिलीच्या क्लिन्झिंग कंडिशनरमधून एका वेळी ४० मिली लागला, तर साडेबारा वेळा. बाटली दुप्पट मोठी, आणि पुरते निम्मी. त्यामुळे बाटलीची किंमत पाहू नका. मोजमापाच्या चमच्याने एका धुण्याला किती लागतो ते मोजा आणि एका धुण्याचा खर्च काढा. केस लांब, दाट असतील तर हा आकडा आणखी चढतो.

डोक्यावर जड तेल, मेणासारखं पोमेड किंवा ड्राय शाम्पूचा थर असेल, तर त्या दिवशी क्लिन्झिंग कंडिशनर वापरूच नका. ते काढणं त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. क्षारयुक्त पाण्याचंही तसंच. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसावर बसत असेल, तर तो काढायला ईडीटीएसारखा क्षार धरून ठेवणारा घटक असलेला शाम्पू अधूनमधून लागतो.

बाटलीच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवणं

पुढे फुलांची, तेलांची, अर्कांची नावं मोठ्या अक्षरांत असतात. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत. घटकांची यादी जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे जाते. १ टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही १ टक्क्याची रेघ शोधायची एक सोपी खूण आहे. फिनॉक्सिइथेनॉल हा संरक्षक (बाटलीतला माल खराब होऊ न देणारा) घटक युरोपीय नियमांनुसार जास्तीत जास्त १ टक्का घालता येतो. त्याच्या खाली जे काही लिहिलंय, ते सगळं साधारणपणे १ टक्का किंवा त्याहून कमी. ज्या अर्काच्या नावावर बाटली विकली जाते, तो बऱ्याचदा याच रेघेखाली सापडतो. वरच्या सात-आठ ओळींत पाणी, सेटिअरिल अल्कोहोल, ग्लिसरिन, एखादा धन भाराचा घटक, आणि साध्या कंडिशनरच्या मागेही तेच, असं दिसलं तर फरक कशाचा ते समजून घ्या.

‘केसांना पोषण’ हेही तसंच. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्याला पोषण देता येत नाही. त्याची झीज कमी करता येते, पृष्ठभाग गुळगुळीत ठेवता येतो. ते कामही मोलाचं आहे, पण त्याचं नाव पोषण नव्हे.

गारवा म्हणजे स्वच्छता समजणं

मेंथॉल किंवा पेपरमिंट तेलाने टाळू गार पडते, कारण ते त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. तेल त्याने निघत नाही.

“सवय होईल” म्हणत थांबणं

ही चूक बाकी सगळ्यांपेक्षा महाग पडू शकते. पहिले काही आठवडे केस जड वाटणं, मुळांशी थोडं तेल दिसणं, इथपर्यंत वाट बघायला हरकत नाही. पण खाज, जळजळ, लाल पुरळ, खपल्या किंवा वाढती केसगळती असेल, तर “टाळूतली घाण बाहेर पडतेय” असल्या समजुतीवर एक दिवसही काढू नका. टाळूतून असं काही बाहेर पडत नसतं. ती तुमच्या त्वचेची तक्रार असते, आणि ती ऐकायची.

२०१६ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘वेन बाय चॅझ डीन’ या क्लिन्झिंग कंडिशनरबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली. प्रशासनाकडे तोवर केस गळणं, तुटणं, टक्कल पडणं, खाज आणि पुरळ अशा १२७ तक्रारी थेट आल्या होत्या. उत्पादन बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांकडे २१,००० हून अधिक तक्रारी पोहोचलेल्या होत्या. नेमकं कारण काय, हे प्रशासनाला ठरवता आलं नव्हतं. ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात पुढे तडजोड झाली. यावरून प्रत्येक क्लिन्झिंग कंडिशनर घातक ठरत नाही. पण किंमत जास्त आणि भाषा सौम्य असली की उत्पादन निर्धोकच असणार, हा समज सोडून द्यायला हवा.

म्हणून डोक्यावर घेण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावा, वापरताना जितका वेळ ठेवणार तितका ठेवून धुवा, आणि हे रोज दोनदा, सात ते दहा दिवस करा. ॲलर्जीची प्रतिक्रिया उशिरा उमटू शकते, एका दिवसाची चाचणी पुरत नाही. संरक्षक घटकांमध्ये मिथाइलआयसोथायाझोलिनोन दिसलं आणि तुमची त्वचा नाजूक असेल, तर ती बाटली परत ठेवा. ॲलर्जीच्या तक्रारींमुळे युरोपीय संघाने ते अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत बंद केलं आणि धुऊन टाकायच्या प्रसाधनांत ०.००१५ टक्क्यांवर मर्यादित केलं. सुगंधी घटकांनाही अनेकांची त्वचा खवळते.

केसगळतीबाबत घाबरण्याआधी एक गोष्ट तपासा. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. तीन-चार दिवसांनी डोकं धुतलं तर मध्ये सुटून अडकलेले केस एकदम हातात येतात, आणि निसरड्या कंडिशनरने ते आणखी सहज निघतात. केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय, नसेल तर मधूनच तुटलाय. तुटलेलेच जास्त दिसत असतील तर कारण विंचरण्यात, ताणून बांधण्यात किंवा ब्लीचमध्ये शोधा. मुळापासूनची गळती बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या ताप, बाळंतपण किंवा उपासमारीसारख्या आहारामुळे असते, कालच्या बाटलीमुळे नव्हे. चट्टे पडत असतील, टाळू दुखत असेल किंवा गळती थांबत नसेल, तर वापर बंद करून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, बाटलीही सोबत न्या.

दुसऱ्याच्या केसांचा अनुभव आपल्याला लावणं

कुरळे केस, कोरडे केस, ब्लीच केलेले किंवा वारंवार रंगवलेले केस यांना हा प्रकार मानवण्याची शक्यता जास्त. कुरळ्या केसांत टाळूचं तेल टोकांपर्यंत पोहोचत नाही, आणि ब्लीचने केसावरचा मूळचा मेदाचा थर निघून जातो. तिथे शाम्पू कमी केला की फरक दिसतो. बारीक, सरळ, लवकर तेलकट होणाऱ्या केसांवर मात्र तो जडच बसतो. कोंडा असेल तर तर्क आणखी उलटा जातो. कोंड्याशी संबंध असलेली मॅलेसेझिया ही बुरशी टाळूच्या तेलावरच जगते, आणि तेल कमी काढणारं उत्पादन तिला सोयीचं पडतं. कोंड्यासाठी औषधी शाम्पू चालू असेल तर त्याच्या जागी क्लिन्झिंग कंडिशनर आणू नका.

बाटली घेऊन झाली असेल आणि टाळूला पटत नसेल, पण त्वचेची तक्रार नसेल, तर ती टाकून द्यायची गरज नाही. मुळांना सौम्य शाम्पू, आणि हीच बाटली कानाखालच्या लांबीला नेहमीच्या कंडिशनरसारखी वापरा. गुंता सोडवायला ती चांगली चालते. फक्त मागचं उघड्या डबीचं चिन्ह पाहा. त्यात १२ आणि पुढे ‘एम’ असं छापलेलं असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती संपवायची.