कुत्रा शी खातो? ही सवय कशी मोडावी

आमची चिकू पाच महिन्यांची असताना मी तिला पहिल्यांदा शी खाताना पाहिलं आणि नेमकं नको तेच केलं. जोरात ओरडत तिच्या अंगावर धावून गेले. चार दिवसांत ती भलतंच शिकली. शी झाली की माझ्याकडे एक नजर टाकायची आणि मी पोचायच्या आत सगळं गिळून मोकळी व्हायची. तिला एवढंच समजलं होतं, की ही काहीतरी मोलाची वस्तू आहे आणि कुणीतरी ती हिसकावून घेतं. पुढे सवय सुटली ती माराने नाही आणि पावडरीनेही नाही. शी पडल्यापासून ती उचलेपर्यंतचं जे अर्धं-एक मिनिट असतं, ते मी हातात घेतलं म्हणून सुटली.

आधी मनातली किळस थोडी बाजूला ठेवा. व्यायलेली कुत्री पहिले काही आठवडे पिल्लांना चाटून शी करायला लावते आणि ती खाऊनच जागा स्वच्छ ठेवते. म्हणजे कुत्र्यांच्या जातीला हे परकं नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे १६ टक्के कुत्री वरचेवर शी खाणारी निघाली. जेवणावर तुटून पडणाऱ्या कुत्र्यांमध्ये आणि एकाहून जास्त कुत्री असलेल्या घरांत हे प्रमाण जास्त होतं. आपल्या कामाची गोष्ट अशी, की खाल्लेली शी बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, म्हणजे ताजीच असायची.

पायरी १: आधी डॉक्टरांना दाखवा

मोठ्या कुत्र्याने ही सवय अचानक धरली असेल तर शिकवण्याच्या मागे लागण्याआधी तपासणी करा. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल आणि शी फिकट, चिकट, ढीगभर होत असेल, तर स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसे येत नसतील. अन्न न पचताच बाहेर पडतं आणि पोट भरत नाही, म्हणून कुत्रा ते पुन्हा खातो. पाणी पिणं आणि लघवी वाढली असेल तर मधुमेहासारखे आजार बघावे लागतात. स्टेरॉइड किंवा फिट्सवरचं फेनोबार्बिटल चालू असेल तर त्यानेही भूक खवळते. मात्र ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. जाताना त्याच दिवसाची शी झाकणाच्या डबीत न्या, म्हणजे जंतही तपासून होतील.

पायरी २: शी पडली की लगेच उचला

सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. कुत्र्याला मोकळं सोडून नंतर साफ करू म्हणालात तर सवय मोडणार नाही. पिल्लं खाल्ल्यानंतर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात आणि झोपून उठल्यावर हमखास शीला बसतात. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतील तर शीची वेळही ठरते आणि तुम्हाला तिथे हजर राहता येतं. घरात दोन-तीन कुत्री असतील तर प्रत्येकाला वेगळं बाहेर काढा, निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी.

पायरी ३: वळण्याआधी बोलवा

कुत्रा शीला बसला की नीट बघा. पाठीची कमान सैल होते, शेपूट खाली येते, तो एक-दोन पावलं पुढे टाकतो आणि मग वास घ्यायला मागे वळतो. आपल्याला मिळते ती एवढीच फट. मागचे पाय सरळ झाले, की आनंदी आवाजात हाक मारा आणि दोन-तीन पावलं मागे सरका. तो आला की त्याच्या आवडीचा खाऊ द्या. रोजचे दाणे इथे चालणार नाहीत. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा असं काहीतरी हवं. खाऊ एकदम न देता चार-पाच तुकडे एकेक करून भरवा आणि तेवढ्यात घरातलं दुसरं कुणीतरी शी उचलू दे. एकटे असाल तर तुकडे स्वतःच्या मागे गवतावर टाका. तो ते हुंगत बसेल आणि तुम्हाला वाकायला वेळ मिळेल.

हे सगळं पट्टा लावूनच करायचं, अंगणातसुद्धा. पट्टा ओढायला नाही, तर त्याला मागे वळता येऊ नये एवढ्यासाठी. चिकूला तीन आठवडे लागले. एके सकाळी मी हाक मारायच्या आधीच ती शी करून उठली आणि थेट माझ्यापुढे येऊन बसली. त्या दिवशी मुठीतले सगळे तुकडे मी तिला दिले.

पायरी ४: 'सोड' शिकवा

हे घरात, शांतपणे शिकवायचं. मुठीत खाऊ धरा. कुत्रा चाटेल, नाकाने ढोसेल, पंजा मारेल. मूठ उघडू नका. त्याने क्षणभर तोंड मागे घेतलं की दुसऱ्या हातातून खाऊ द्या. हे जमलं की 'सोड' शब्द जोडा, मग खाऊ जमिनीवर ठेवून आणि शेवटी बाहेर फिरताना सराव करा. तोंडात गेलेली वस्तू ओढून काढायला जाऊ नका, त्याने गिळण्याची घाई वाढते. कुत्र्याचं नाक शीमध्ये घासणं तर क्रूरपणा आहे. त्यातून कुत्रा फक्त तुमच्यासमोर शी करायला घाबरू लागतो आणि कोपरे शोधतो.

अन्नात मिसळायच्या पावडरींबद्दल स्पष्ट सांगते: पैसे वाचवा. वर सांगितलेल्या पाहणीत अशा उत्पादनांचा गुण जेमतेम ० ते २ टक्के कुत्र्यांना आला होता.

मांजराची शी हा वेगळा प्रश्न आहे. तिच्यात प्रथिनं जास्त असल्याने ती कुत्र्याला फार आवडते आणि शिकवण इथे हरते. लिटर बॉक्स, म्हणजे मांजराची शी-शूची पेटी, उंचावर ठेवा किंवा मांजरच आत जाईल अशा फटीच्या दारामागे. बाहेर काहीही उचलणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीचा मझल, म्हणजे तोंडावर घालायची टोपली, वापरता येतो. तो खाऊ देत देत, हळूहळू घालायला शिकवा. मऊ शी जाळीतूनही आत जाते, तेव्हा लक्ष ठेवावंच लागतं.

आणि तरीही खाल्लीच तर? स्वतःचीच ताजी शी असेल तर सहसा धोका कमी. गोलकृमींची अंडी संसर्गजन्य व्हायला एक-दोन आठवडे तरी जातात. दुसऱ्या कुत्र्याच्या शीतून मात्र जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि पार्व्हो हा विषाणू लगेच लागू शकतात, म्हणून लसी आणि जंताचं औषध वेळच्या वेळी द्या. उलट्या, जुलाब किंवा सुस्ती दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घोड्याची लीद किंवा गुरांचं शेण खाल्लं असेल तर तेही सांगा: जनावराला नुकतंच आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलेलं असेल तर कॉलीसारख्या जातींना त्यातून विषबाधा होऊ शकते. दरम्यान कुत्र्याला पाणी पाजा आणि काही तास मुलांचं तोंड चाटू देऊ नका.

तीन-चार आठवडे एकदाही चूक झाली नाही की पट्टा लांब करा, मग जमिनीवर सोडून द्या, मग काढा. पुन्हा एकदा खाल्ली तर मागच्या टप्प्यावर या. खाऊचा डबा मात्र दाराजवळून हलवू नका.