एक मीटरची चौकट: नाशिकच्या टेकडीवर गवत मोजताना परिसंस्था कशी समजून घ्यायची

प्रजाती, अधिवास, समुदाय, परिसंस्था हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात आणि नंतर विरून जातात. ते कायमचे कळायला हवे असतील तर पांडवलेण्यांची टेकडी, चामर लेणी किंवा रामशेजच्या पायथ्याचा एखादा गवताळ उतार निवडा आणि तिथे एक मीटर बाजूची चौकट टाकून आतली रोपं मोजा. त्यासाठी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. जुलैत सगळं गवत सारखंच हिरवं असतं. तुरे आल्याशिवाय कुसळी कोणती आणि मारवेल कोणतं, हे नवख्याला सांगता येत नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं, कापलं जातं, पुढे वणवेही लागतात.

चौकटीला अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे मीटर-मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो (कोपऱ्याचे काटकोनी जोड) लागतात. एल्बोमुळे माप थोडं बदलतं, म्हणून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत टेप लावून बरोबर 1 मीटर करून घ्या. दोन्ही कर्ण 141 सेंटिमीटर आले की कोपरे काटकोनात आहेत असं समजा. जोड सोल्युशनने चिकटवू नका. एखादं झुडूप मध्ये आलं की एक बाजू काढून चौकट त्याच्याभोवती सरकवता आली पाहिजे. प्रत्येक बाजूवर दर 10 सेंटिमीटरला रंगाची खूण करा. त्या खुणांवरून चौकटीची 100 घरं पाडता येतात, आणि एक घर म्हणजे एक टक्का आच्छादन, म्हणजे रोपांनी झाकलेली जमीन. हे माप गवत आणि छोट्या रोपांसाठी आहे. झुडपांना 5 × 5 मीटर आणि झाडांना 10 × 10 मीटरचा तुकडा दोरीने आखतात.

आता चौकट कुठे टाकायची? बहुतेकांची मोजणी इथेच फसते. गवत दाट आणि फुलं सुंदर दिसतात तिकडे पाय आपोआप वळतात. पाठ करून चौकट भिरकावली तरी फेकणारा उभा कुठे राहिला, यावरच सगळं ठरतं. त्यापेक्षा उतारावर 50 मीटरचा टेप आडवा अंथरा, 1 ते 50 आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि त्यातल्या 10 उचला. जो आकडा येईल तिथे, टेपपासून एक मीटर वर, चौकट ठेवा. टेपलगतचं गवत तुमच्याच पायांनी तुडवलेलं असतं. आणि दगड उलटण्याआधी काठी वापरा, पायात बूट हवेतच. या दिवसांत दगडांखाली फुरसं हा विषारी साप असू शकतो.

ज्या रोपाचं मूळ आत, ते आत. पानं कितीही आत झुकली असली तरी मूळ बाहेर असेल तर ते मोजायचं नाही. मूळ नेमकं कडेवर आलं तर वरच्या आणि डाव्या कडेवरची रोपं घ्या, उरलेल्या दोन कडांवरची सोडा. गवताच्या काड्या मोजत बसू नका, ठोंब मोजा. नाव माहीत नसेल तर 'गवत अ' लिहा आणि पान खोडाला जिथे जुळतं त्या जागेचा जवळून फोटो काढा, ओळख बऱ्याचदा तिथेच पटते. जवळ गुराखी असेल तर त्याला जरूर विचारा. कोणतं गवत जनावर आधी खातं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दहाव्या चौकटीतही नवनव्या प्रजाती सापडत असतील तर आणखी चौकटी टाका. नव्या नोंदी थांबल्या की गणित करायला बसा. समजा, 10 चौकटींत कुसळीचे 60 ठोंब मिळाले आणि टाकळ्याची रोपंही 60 मिळाली. दोघांची घनता सारखीच, चौकटीमागे 6. पण कुसळी दहाही चौकटींत होती, म्हणजे तिची वारंवारता 100 टक्के. टाकळा फक्त दोन चौकटींत होता, म्हणून वारंवारता 20 टक्के. विपुलता काढताना एकूण संख्येला ती प्रजाती जिथे सापडली तेवढ्याच चौकटींनी भागतात: कुसळीची 6, टाकळ्याची 30. कुसळी उतारभर पसरलेली आहे आणि टाकळा एखाद्या उकरलेल्या कोपऱ्यात दाटलेला आहे, हे चित्र एकट्या घनतेतून कधीच दिसलं नसतं.

प्रत्येक चौकटीत टोकदार सळई ठोकून मातीची खोलीही लिहा. उतार कोणत्या दिशेला आहे, दगड किती, ओल किती, हेही नोंदवा. हे अजैविक घटक. मुरमाड, चार बोटं मातीत कोणतं गवत तगतं आणि खोलगटात कोणतं, हे दोन रकाने शेजारी ठेवले की अधिवास म्हणजे काय ते उलगडतं. नाकतोडा, त्याला खाणारा सरडा आणि वर घिरट्या घालणारी कापशी घार दिसली तर अन्नसाखळीही तिथेच आहे. एका पातळीवरची साधारण 10 टक्केच ऊर्जा पुढच्या पातळीला मिळते, म्हणून नाकतोडे ढीगभर आणि घार एखादीच.

गाजरगवत आणि घाणेरी वेगळ्या रकान्यात घ्या. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, म्हणून परकीय. स्थानिक वनस्पतींना हटवून पसरतात, म्हणून आक्रमक. प्रत्येक परकीय वनस्पती आक्रमक नसते, हा फरक नोंदीत पाळा. याउलट प्रदेशनिष्ठ म्हणजे ठरावीक भागाबाहेर न सापडणारी. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून 2006 साली शास्त्रात नोंदली गेलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदवर्गीय वनस्पती त्यातलीच. अशी वनस्पती दिसली तर फोटो घ्या, कंद उपटू नका, आणि नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका.

वृक्षारोपणासाठी टेकडीवर खड्डे घेण्याआधी ही मोजणी व्हायलाच हवी. गवताळ उतार म्हणजे पडीक जमीन नव्हे, ती पूर्ण परिसंस्था आहे, आणि घाईने लावलेल्या गिरीपुष्पाच्या सावलीत हे ऊन मागणारं गवत टिकत नाही. टेपच्या दोन्ही टोकांचं जीपीएस लिहून ठेवा, तिथे रंगवलेला दगड पुरा आणि पुढच्या सप्टेंबरला त्याच आठवड्यात त्याच रेषेवर पुन्हा मोजा.