सारखेच ऐकू येणारे जपानी शब्द वेगळे कसे ओळखावेत?

जपानीत ‘हाशी’ म्हणजे जेवायच्या काड्या, पूल आणि कडाही (वस्तूचा काठ). ‘कोको’ म्हणजे ‘इथे’, पण दोन्ही ‘को’ लांबवले की हायस्कूल. अशा जोड्यांची यादी घोकण्याआधी कान तयार करा.

१. मात्रा मोजा. मराठी छंदात लघूची १ आणि गुरूच्या २ मात्रा. इथेही जवळपास तोच हिशेब. टाळी वाजवत म्हणा. ओ-बा-सा-न्, ४ टाळ्या: मावशी, आत्या किंवा काकू. ओ-बा-आ-सा-न्, ५ टाळ्या: आजी. कि-ते, २: ‘ये’. कि-(थांबा)-ते, ३: टपालाचं तिकीट. त्या थांब्यालाही पूर्ण टाळी द्यायची. ‘न्’लाही स्वतंत्र टाळी: कि-ने-न् (३) म्हणजे स्मरण, कि-न्-ए-न् (४) म्हणजे धूम्रपानबंदी.

‘पत्ता’, ‘कच्चा’ रोज बोलणाऱ्या मराठी जिभेला ‘कित्ते’ जड जात नाही. घोटाळा होतो स्वरांत. ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण लिहितो वेगळे, बोलतो जवळपास एकच. त्याच सवयीने ‘बिरु’ (इमारत) आणि ‘बीरु’ (बिअर) एक होतात. ‘ए’ आणि ‘ओ’ला तर आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ भेदच नाही, आणि जपानीतला आखूड ‘आ’सुद्धा आपण ‘आ’नेच लिहितो. म्हणून वहीत लांब स्वरापुढे अवग्रह द्या: कोऽकोऽ, ओबाऽसान. त्याहून बरं, हिरागाना ही जपानीची उच्चारानुसार लिहायची लिपी लवकर शिका. तिथे लांबीसाठी वेगळं अक्षरच घालतात.

२. मात्रा सारख्या निघाल्या तर सूर ऐका. टोकियोच्या बोलीत शब्दाच्या पहिल्या दोन मात्रा कधीच एका पट्टीत नसतात, आणि उतरलेला सूर त्या शब्दात पुन्हा चढत नाही. ‘आमे’ वर-खाली म्हटलं तर पाऊस, खाली-वर म्हटलं तर चघळायची गोड गोळी. ‘काकी’ वर-खाली म्हणजे कालव, खाली-वर म्हणजे पर्सिमॉन हे फळ.

‘हाशी’चा पेच जरा खोल आहे. काड्या वर-खाली; पूल आणि कडा मात्र दोन्ही खाली-वर. नुसता शब्द कितीही वेळा ऐकला तरी हे दोन वेगळे होत नाहीत. मागे ‘गा’ हा प्रत्यय लावा: पुलाच्या ‘हाशी गा’त ‘गा’ खाली पडतो, कडेच्या ‘हाशी गा’त वरच राहतो. म्हणून नवा शब्द नेहमी ‘गा’सकट म्हणा. सूर दाखवणाऱ्या बऱ्याच कोशांत शब्दापुढे आकडा असतो, तो म्हणजे कितव्या मात्रेनंतर सूर उतरतो ते: काड्या १, पूल २, कडा ०, म्हणजे उतारच नाही.

‘वर’ म्हणजे जोर नव्हे. जोर देताना स्वर ताणला जातो आणि मात्राच बिघडते. ‘सा’वरून ‘रे’वर जावं तशी फक्त पट्टी बदला, फोनवर रेकॉर्ड करा, मूळ उच्चाराशी ताडून पाहा. सरावाचे ऑडिओ एकाच बोलीतले घ्या, कारण ओसाका-क्योतोकडे पूल वर-खाली आणि काड्या खाली-वर!

३. सूरही एकच असेल तर शेजारचा शब्द धरा. ‘किकाई’ म्हणजे यंत्र आणि संधीही. पुढे ‘कोवारेता’ (बिघडलं) आलं तर यंत्र, ‘नोगाशिता’ (हुकवली) आलं तर संधी. असे शब्द क्रियापदासकटच पाठ करा.

‘शिरित्सु’ला तर जपानी माणसंही अडतात: महापालिकेची शाळा की खासगी? मग ते मुद्दाम कांजीचं (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षराचं) दुसरं वाचन, म्हणजे दुसरा उच्चार वापरतात, पहिलीला ‘इचिरित्सु’, दुसरीला ‘वाताकुशिरित्सु’. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञान आणि रसायनशास्त्रही, म्हणून रसायनाला ‘बाकेगाकु’. तुम्हालाही शंका आली तर बेधडक विचारा, ‘दोनो कांजी देसु का?’ (कोणती कांजी?) समोरचा बहुधा तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवेल.