एडिनबरातल्या जुन्या आलिशान हॉटेलात राहताय? या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या एडिनबराच्या महागड्या हॉटेलांबद्दल आपल्याकडच्या लोकांच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. एवढे पौंड मोजले आणि खोली बघा केवढीशी! एसी नाही. लिफ्ट मधल्याच मजल्यावर संपते. आंघोळ केली तर खालच्या मजल्यावरून फोन आला. दुबईत याच पैशात काय मिळालं असतं, वगैरे वगैरे.

तक्रारी खोट्या नसतात. पण बहुतेकांचं मूळ हॉटेलच्या कारभारात नसतं, इमारतीत असतं. शहराचा मध्ययुगीन ओल्ड टाउन आणि अठराव्या शतकातला न्यू टाउन हे दोन्ही भाग १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. इथलं पंचतारांकित हॉटेल बऱ्याचदा संरक्षित वास्तूत असतं, आणि तिथे भिंत पाडायची, खिडकी बदलायची, बाहेर एसीचं यंत्र टांगायचं तर परवानगी लागते. तेव्हा तारे मोजण्याआधी ही इमारत मुळात कशासाठी बांधली होती ते शोधा.

फोटो बघून खोली पक्की करणं

प्रिन्सेस स्ट्रीटच्या दोन टोकांना उभी असलेली बालमोरल आणि कॅलेडोनियन ही दोन नावाजलेली हॉटेलं मुळात रेल्वेची. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांनी आपापल्या स्टेशनाला लागून ती बांधली. पहिलं १९०२ मध्ये सुरू झालं, दुसरं १९०३ मध्ये, म्हणजे मुंबईचं ताज सुरू झालं त्याच वर्षी. बालमोरलच्या मनोऱ्यावरचं घड्याळ प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून आजही तीन मिनिटं पुढे ठेवतात. फक्त ३१ डिसेंबरला ते बरोबर वेळ दाखवतं. या इमारती हॉटेल म्हणूनच बांधल्या असल्याने पाहुणे, त्यांच्या ट्रंका आणि त्यांची वर्दळ यांचा विचार नकाशातच झालेला आहे.

न्यू टाउनमधली टाउनहाउस हॉटेलं हे वेगळंच प्रकरण. वास्तुविशारद जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्यानुसार वसलेल्या या भागातली ती श्रीमंतांची राहती घरं. तळघरात स्वयंपाकघर आणि नोकरांचा वावर, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, आणि सर्वांत वर छपराखाली पुन्हा नोकरांच्या खोल्या. अशी दोन-चार घरं आतून जोडली की हॉटेल तयार होतं. वेबसाइटवरचा फोटो बहुधा त्या दिवाणखान्याचा असतो: उंच खिडक्या, छताला नक्षी, संगमरवरी फायरप्लेस. सर्वांत कमी दराची खोली मात्र तळघरात किंवा छपराखाली निघण्याची शक्यता जास्त. छपराखालच्या खोलीत उशाशीच छत उतरतं आणि उंच माणूस सकाळी उठताना कपाळ आपटून घेतो. ‘लोअर ग्राउंड’ लिहिलेलं दिसलं तर तळघर समजा. तिथल्या खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात.

म्हणून बुकिंगआधी हॉटेलला थेट ईमेल करा आणि नेमकं विचारा. खोली कोणत्या मजल्यावर? लिफ्ट त्याच मजल्यापर्यंत जाते का, की पुढे अर्धा जिना आहे? जोडलेल्या घरांचे मजले एका पातळीत नसतात. त्यामुळे लिफ्टमधून उतरल्यावर चार पायऱ्या वर, वळणावर तीन पायऱ्या खाली असा प्रवास नेहमीचा. सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील तर ‘लिफ्ट आहे का’ या प्रश्नाचं ‘हो’ हे उत्तर पुरेसं नाही.

पलंगाचंही तेच. ब्रिटनमधला साधा डबल बेड १३५ सेंटिमीटर रुंद असतो, किंग १५० आणि सुपर किंग १८०. ‘डबल आहे ना, मुलगा मध्ये झोपेल’ हा हिशोब १३५ सेंटिमीटरमध्ये बसत नाही. तिसऱ्या माणसाची नोंद आधी केलेली नसेल तर रिसेप्शनवर गोड शब्दांत दुसरी खोली घ्यायला सांगतात.

‘कॅसल व्ह्यू’साठी जास्तीचे पैसे द्यावेत का? माझं मत विचाराल तर नाही. किल्ला खडकावर एवढा उंच बसलेला आहे की प्रिन्सेस स्ट्रीटवरून फुकट आणि अधिक चांगला दिसतो. तेच पैसे मागच्या बाजूच्या शांत, मोठ्या खोलीसाठी घाला. समोरच्या बाजूला ट्राम, बस आणि पबमधून रात्री उशिरा परतणारी मंडळी असतात, आणि जुन्या वर-खाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्या हा आवाज फारसा अडवत नाहीत.

नकाशावरच्या ‘३ मिनिटं चालत’वर विश्वास ठेवणं

एडिनबरा दोन पातळ्यांवर वसलेलं शहर आहे. काही मोठे रस्ते म्हणजे खरं तर पूल, आणि त्यांच्याखालून दुसरे रस्ते जातात. जॉर्ज फोर्थ ब्रिजवर उभं राहून फोन म्हणतो, ‘तुम्ही पोहोचलात’. हॉटेलचं दार मात्र खाली काउगेट नावाच्या रस्त्यावर असतं. आता दोन बॅगा घेऊन एखाद्या बोळातल्या दगडी पायऱ्या उतरा. स्कॉट्समन हॉटेलचंही असंच. एका वर्तमानपत्राची ही जुनी कचेरी वर नॉर्थ ब्रिजवर उघडते आणि पाया खाली मार्केट स्ट्रीटला टेकलेला. शेजारून जाणाऱ्या स्कॉट्समन स्टेप्सच्या १०४ पायऱ्या वेगवेगळ्या संगमरवरात मढवल्या आहेत. दिसायला सुरेख, पण २३ किलोची बॅग हातात असताना त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

ओल्ड टाउनचे रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत, बॅगेची चाकं तिथे टिकत नाहीत. विमानतळावरून न्यू टाउनला यायचं तर ट्राम उत्तम, सेंट अँड्र्यू स्क्वेअरपर्यंत साधारण अर्ध्या तासात पोहोचवते. ओल्ड टाउनमधल्या हॉटेलसाठी सरळ काळी टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला हॉटेलच्या नावासोबत रस्त्याचं नावही सांगा. भाड्याची गाडी घेऊन शहरात येऊ नका. यातल्या बऱ्याच हॉटेलांना स्वतःचं पार्किंग नाही, आणि हायलँड्सला, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात जायचं असेल तर निघायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घेता येते.

ऑगस्ट महिना आणि परत न मिळणारे पैसे

१९४७ मध्ये सुरू झालेला एडिनबरा फेस्टिव्हल, त्याच वर्षी जन्मलेला फ्रिंज हा नाटक-विनोदाचा महोत्सव आणि १९५० पासून किल्ल्यासमोर होणारा मिलिटरी टॅटू, म्हणजे लष्करी बँडांचा सोहळा, हे सगळं ऑगस्टमध्येच असतं. शहर ओसंडून वाहतं, दर आभाळाला भिडतात. महोत्सवासाठीच जात असाल तर प्रश्नच नाही. पण ‘शाळेला सुट्टी नाही, तेव्हा ऑगस्टच स्वस्त पडेल’ असं समजून कुणी जात असेल तर थांबा. मे किंवा सप्टेंबर बघा. डिसेंबरच्या शेवटी हॉगमनेला, म्हणजे स्कॉटिश नववर्षालाही हीच गर्दी.

स्वस्त दर दिसला की ‘नॉन-रिफंडेबल’ घेण्याचा मोह होतो. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा लागतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे जातात, आणि नकार आला तर हॉटेल पैसे परत करायला बांधील नसतं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा, थोडे जास्त पडले तरी. मधल्या एजंट वेबसाइटवरून घेतलं असेल तर तारीख बदलायलाही हॉटेल तुम्हाला त्याच वेबसाइटकडे पाठवतं, हेही लक्षात असू द्या.

आणि हो, रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ डागतात, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून. १८६१ पासूनची प्रथा आहे. झोपलेल्या बाळाच्या आईबापांना ती आधी माहीत असलेली बरी.

बाथरूमला मोरी समजणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आपल्या बाथरूमला उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते, पाणी सांडलं तर वाहून जातं. तिथल्या बाथरूमच्या फरशीत बहुधा पाणी जायला वाटच नसते. टबाच्या कडेला अर्धीच काच असते आणि शॉवरचं तोंड जरा फिरलं की पाणी बाहेर. नव्या काँक्रीटच्या इमारतीत पाय ओले होऊन भागतं. जुन्या घरात टाइलखाली लाकडी तक्तपोशी आणि तिच्याखाली दुसऱ्या पाहुण्याचं प्लास्टरचं नक्षीदार छत असतं. पाणी दाराखालून कार्पेटपर्यंत आलं की खाली डाग उमटलाच, आणि त्याची भरपाई तुमच्या बिलात येऊ शकते.

उपाय साधा आहे. टबाला पडदा असेल तर त्याची खालची कड टबाच्या आत घ्या. काच असेल तर शॉवर भिंतीकडे वळवा. टबाबाहेर बसून बादली-टमरेलानं आंघोळ नाही म्हणजे नाही. आजी ऐकत नसतील तर त्यांना टबातच छोटं स्टूल मागवून द्या. हाउसकीपिंगकडे विचारा. तरी पाणी सांडलंच तर जाड टॉवेल टाकून टिपा आणि रिसेप्शनला लगेच कळवा. लपवून ठेवलं की वाढतं.

जेट स्प्रे नसतो, हे गृहीत धरून एक छोटा मग सोबत न्या. काही जुन्या बेसिनला गरम आणि थंड असे दोन वेगळे नळ असतात; गरम नळ खरोखर भाजतो, मुलांना आधीच सांगा. बाथरूममध्ये मोबाइल चार्ज होत नाही, तिथलं छोटं सॉकेट फक्त दाढीच्या यंत्रासाठी. बाकी खोलीत चौकोनी तीन पिनांचं सॉकेट, त्याचा अडॅप्टर मुंबईतूनच घ्या.

थंडी-उन्हाळ्याचा चुकीचा अंदाज

एडिनबरात जुलैतही दुपार साधारण १९ अंशांच्या आसपास असते, म्हणून एसी नसण्याचं तिथे कुणाला वाटत नाही. पण छपराखालची खोली उन्हाच्या चार दिवसांत तापते, आणि सुरक्षेसाठी खिडकी वीतभरच उघडते. अशा वेळी पंखा मागा. हॉटेलांकडे थोडे असतात, जो आधी मागतो त्याला मिळतात. जूनमध्ये पहाटे साडेचारलाच उजाडतं. झोप हलकी असेल तर डोळ्यांवरची पट्टी ठेवा.

हिवाळ्यात उलटं. खोली गार वाटली की लोक भिंतीवरच्या डिजिटल पॅनेलशी खेळत बसतात, आणि ते अनेकदा रेडिएटरशी, म्हणजे खोली गरम करणाऱ्या भिंतीलगतच्या लोखंडी पेटीशी जोडलेलंच नसतं. रेडिएटरच्या एका टोकाला, जमिनीजवळ, १ ते ५ आकडे असलेली गोल चावी असते, ती ३ किंवा ४ वर फिरवा आणि वाट बघा. लोखंडी रेडिएटर तापायला वेळ घेतो. पाच वर नेल्याने तो लवकर तापत नाही, नंतर खोली भट्टी होते एवढंच. अर्ध्या-पाऊण तासाने हात लावला तर वरचा भाग गार आणि खालचा गरम लागला, तर आत हवा अडकली आहे. ते काम देखभालवाल्यांचं. त्याच संध्याकाळी सांगा. ‘जाताना मॅनेजरला सुनावतो’ हा आपला आवडता मार्ग तिथे उपयोगाचा नाही. निघताना माफी मिळते, पहिल्या रात्री सांगितलं तर दुसरी खोली मिळते. आवाज न चढवता ‘ड्युटी मॅनेजर’ला बोलवा आणि काय हवंय ते नेमकं सांगा.

नाश्ता आणि खोलीतलं खाणं

स्कॉटिश नाश्त्याच्या ताटलीत हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत आणि फुप्फुस ओटमध्ये शिजवलेलं, आणि काळी गोल चकती म्हणजे ब्लॅक पुडिंग, त्यात रक्त असतं. खाणाऱ्यांनी जरूर खावं, हॅगिस मिरीदार आणि चविष्ट लागतं. शाकाहारी हॅगिसही बऱ्याच ठिकाणी मिळतं. टॅटी स्कोन, म्हणजे बटाट्याची चपटी दशमी, ही शाकाहारी वाटते, पण बेकनच्याच तव्यावर भाजली आहे का ते विचारा. जैन जेवण किंवा उपास असेल तर आदल्या रात्री कळवा, सकाळी आठच्या गर्दीत नाही.

खोलीतल्या किटलीतलं पाणी उपम्याच्या पाकिटात ओतायला कुणाची हरकत नाही. किटलीतच मॅगी शिजवू नका. अगरबत्ती तर मुळीच नको. स्मोक अलार्म वाजला की अख्खं हॉटेल मध्यरात्री पायजम्यात रस्त्यावर उभं राहतं.

कार्ड आणि बिल

चेक-इनला हॉटेल कार्डावर ठरावीक रक्कम अडवून ठेवतं. ही रक्कम फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर अडकली की सुटायला बरेच दिवस जातात आणि तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, आणि त्यावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते घरूनच बँकेच्या अ‍ॅपमध्ये तपासा. शेवटचं बिल हवं तर फॉरेक्स कार्डाने भरा. मशीनने रुपये की पौंड असं विचारलं तर पौंड. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

एडिनबरा महापालिकेने २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांसाठी ५ टक्के पर्यटक कर ठरवला आहे. १ ऑक्टोबर २०२५ किंवा त्यानंतर केलेल्या बुकिंगला तो लागू होतो, आणि सलग राहिलात तर पहिल्या ५ रात्रींपुरताच घेतात. बुकिंगच्या दरात तो धरला आहे का ते विचारून ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलात सेवा शुल्क आधीच जोडलेलं असेल तर वर वेगळी टिप लागत नाही.

सुटे पैसे म्हणून मिळालेल्या, स्कॉटिश बँकांनी छापलेल्या पौंडाच्या नोटा तिथेच खर्च करा किंवा निघण्याआधी बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांशी बदलून घ्या. लंडनमध्ये काही दुकानदार त्या घ्यायला कुरकुरतात, आणि आपल्याकडे त्या बदलून मिळणं त्याहून अवघड.